चुकीचा वेग

अर्धांगवायूने पप्पांची वाचा गेली, तेव्हा प्रितीने चिंचपोकळीच्या खोलीत बसून त्यांच्यासाठी एक यंत्र जोडलं. मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे छोट्याशा संगणक-चिपच्या, बोर्डाला तीन बटणं: पाणी, औषध, दुखतंय. पप्पांनी बटण दाबलं की लॅपटॉपमधला प्रोग्रॅम तो शब्द मोठ्याने बोलणार होता. पण बोलणं दूरच, स्क्रीनवर नुसती वेडीवाकडी चिन्हं उमटायची.

"पप्पा, एकच दाबा ना! सगळी एकदम कशाला दाबताय?" आठवडाभर ती त्यांच्यावर खेकसत राहिली. एकदा तर तिने त्यांचा हात बटणांवरून झटकलाच.

रविवारी तिने स्वतःचा प्रोग्रॅम तपासला आणि ती गारच पडली. बोर्ड एका वेगाने अक्षरं पाठवत होता आणि प्रोग्रॅम ती दुसऱ्याच वेगाने वाचत होता. म्हणूनच अक्षरांची चिन्हं होत होती, आणि प्रोग्रॅममधला वेगाचा आकडा तिनेच चुकीचा टाकला होता. पप्पांनी दर वेळी नेमकं हवं तेच बटण दाबलं होतं.

आकडा सुधारून तिने बटणं त्यांच्यासमोर ठेवली.

"पप्पा, चूक माझी होती हो. आता दाबा, काय हवंय ते."

पप्पांचा हात बटणापर्यंत आला आणि तिथेच थांबला. दाबू का, असं विचारल्यासारखं त्यांनी आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.