दिवसाला किती वेळ

"पुसता येईल तेच आत जाईल," असं सांगून सिस्टरने स्पिरिटच्या बोळ्यांचं पाकीट बाकावर बसलेल्या नवरा-बायकोच्या मध्ये ठेवलं आणि ती निघून गेली.

त्यामुळे खोका बाहेर राहिला. नवऱ्याने हौसेने आणलेली, दोन कान असलेली लोकरी पिशवीही बाहेरच राहिली. उरला तो नुसता हातात धरून खेळायचा नवाकोरा गेम आणि त्याच्या स्क्रीनवर बसवायची पातळ काच. ती बसवली नाही तर रोज स्पिरिट चोळून चोळून महिनाभरात स्क्रीनची वाट लागेल, असं नवऱ्याचं म्हणणं.

काचा बसवणं हाच त्याचा धंदा. चष्म्याच्या दुकानात तो दिवसाला वीस-वीस चष्मे डोळे मिटून तयार करायचा. आज मात्र ही काच आधी तिरकी बसली, मग सरळ बसली तर खाली एक कुसळ अडकलं. चिकटपट्टीच्या तुकड्याने त्याने ते उचलून काढलं.

"माझा हात कधी असं करत नाही," तो म्हणाला.

"अकरा दिवस धड झोपला नाहीस. हात तरी काय करणार बिचारा?"

ती भिंतीला डोकं टेकून बसली होती. तिचीही अवस्था काही वेगळी नव्हती. समोरच्या काचेपलीकडे त्यांची दहा वर्षांची लेक झोपून होती. अकरा दिवसांपूर्वी तिला मामाचा बोन मॅरो दिला होता. तो तिच्या अंगात रुजला की नाही, हे परवाच्या रिपोर्टमध्ये कळणार होतं. तोवर आई-बापांनासुद्धा आत जायची सोय नव्हती. काय बोलायचं ते काचेच्या दोन्ही बाजूंना टांगलेल्या फोनवरून.

तिसऱ्या खेपेला काच बसली. नवऱ्याने गेम चालू केला. गेमने भाषा विचारली, नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. पालकांचा मोबाइल जोडायला सांगितला, तोही त्याने जोडला. मग गेमने विचारलं, दिवसाला किती वेळ खेळू द्यायचं?

त्याने गेम बायकोपुढे धरला. या खात्यात त्याला मत नव्हतं.

ती कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर होती. दोन मिनिटं उशिरा आलेल्या फोरमनचीही तिने कधी गय केली नव्हती. घरात बापलेक पाठीमागे तिला भोंगा म्हणायचे आणि तिला ते ठाऊक होतं. टीव्ही असो की मोबाइल, लेकीला अर्धा तास. तिसावं मिनिट भरलं की आईचा हात पुढे. तापातसुद्धा सवलत नाही.

तिने यादी खाली सरकवली. पंधरा मिनिटं, अर्धा तास, एक तास, दोन तास. अगदी तळाशी लिहिलं होतं, 'मर्यादा नाही'. आजवर पोरीचे एवढे तास वाचवले, ते कुणासाठी, असं तिला वाटून गेलं आणि स्वतःचाच राग आला. तिने तळाचं बटण दाबलं. नवऱ्याने पाहिलं आणि स्पिरिटचा बोळा काढून गेम पुसायला घेतला.

गेम पुसून झाला. सिस्टरने तो पुन्हा एकदा आपल्या हाताने पुसला, मास्क सारखा केला आणि आत नेऊन दिला.

चार दिवसांत पहिल्यांदा लेकीने उशीवरून डोकं उचललं. गेम उलटासुलटा करून पाहिला, बापाकडे बघून अंगठा दाखवला. मग तिने फोन कानाला लावला.

"आई, रोज अर्धाच तास ना?"

"नाही गं. हवा तितका वेळ खेळ."

"हवा तितका?"

"हो. कुणी काही म्हणणार नाही."

पोरीचा चेहरा उतरला. तिने गेम चादरीवर ठेवून दिला.

"आई, रिपोर्ट आला का?"

"नाही. परवा येणार आहे."

"मग तू असं का बोलतेस?"

सुया टोचताना त्या डोळ्यांत कधी दिसली नव्हती एवढी भीती आता दिसत होती. हे काय करून बसलो आपण? तिने फोन घट्ट धरला, ताठ उभी राहिली आणि आपला फाटकावरचा आवाज लावला.

"असं म्हणजे कसं? दमलेय मी, काहीतरी बोलून गेले. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. वर एक मिनिट मिळणार नाही."

"अर्धा? आई, इथे दिवसभर दुसरं आहे काय?"

"झोप आहे."

"मी काय म्हातारी आहे? दोन तास!"

"पाऊण. तेही औषध नीट घेतलंस तर."

"दीड! बाबांना विचार, बाबा दीड म्हणतील!"

"बाबांना कोण विचारतं?"

लेक आता उठून बसली होती. सलाइनची नळी एका हाताने बाजूला धरून, फोन मानेत दाबून, मोकळ्या हाताची बोटं नाचवत तावातावाने हिशेब मांडत होती. सकाळी एक तास, दुपारी अर्धा, त्यात काय एवढं?

नवऱ्याने मोबाइल काढला. खेळायची वेळ तिथूनच बदलायची होती.

"पाऊण तास टाकू का?" त्याने हळूच विचारलं.

तिने फोनच्या तोंडावर हात ठेवला.

"थांब जरा," ती म्हणाली. "अजून भांडतेय ती."