हाताचं माप

सार्वजनिक दफनभूमीचा इतिहास लिहायला बसलेल्या कारकुनाला सगळे लंबू म्हणत, कारण कचेरीच्या दारातून तो वाकूनच आत येई. जुन्या नोंदवह्या चाळताना तो थक्क झाला होता. नव्वद वर्षांत एकही कबर तोकडी पडली नव्हती, की लांब झाली नव्हती.

खणणारं घराणं एकच. आजा, बाप आणि आता हा म्हातारा. कुणी गेल्याची वर्दी येण्याआधीच तो सकाळी कबर खणून ठेवी, आणि दुपारी आणलेलं माणूस तिच्यात बेतल्यासारखं बसे.

“काका, माप कळतं कसं?”

“हाताला कळतं, साहेब.”

लंबूने ते वाक्य मोठ्या कौतुकाने लिहून घेतलं होतं.

आजचा खड्डा मात्र नेहमीपेक्षा हातभर लांब होता.

“आज हात चुकला वाटतं,” लंबू हसत म्हणाला.

“आजवर कधी चुकलाय?” म्हाताऱ्याने मान वर केली नाही.

लंबूने काठाने पावलं मोजली. एवढ्या उंचीची माणसं गावात दोनच होती. एक तो, आणि दुसरा त्याचा मुलगा.

“काका, ही माझीच ना?” त्याने विनवणी केल्यासारखं विचारलं.

म्हातारा फावड्याची माती पुसत राहिला.

“हाताला फक्त माप कळतं, साहेब. नाव नाही कळत.”