सत्त्याण्णव गुणांचं घर

अनाथ मुलांना सांभाळणारी कुटुंबं शोधून देण्यात ताईंची बावीस वर्षं गेली होती. एका घरामागे त्यांचे पंधरा दिवस मोडायचे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं, स्वयंपाकघरात डोकवायचं, अगदी न्हाणीघराची कडी आतून लागते का, तेसुद्धा बघायचं. आता ऑफिसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रोग्राम आला होता आणि साहेब त्याच्यावर भलतेच खूश होते.

“चहा गार व्हायच्या आत चिमणीला घर मिळालं, ताई. शंभरात सत्त्याण्णव गुण. शाळा जवळ, बाई दिवसभर घरी, झोपायला वेगळी खोली. तुम्ही सही ठोका, दुपारी तिला सोडून येऊ.”

सात वर्षांची चिमणी बाहेर बाकावर पाय हलवत बसली होती. ताईंनी पत्ता वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

“साहेब, हे तेच घर आहे. चार महिन्यांपूर्वी पाठीवरच्या वळांसकट मी हिला तिथूनच उचलून आणलंय. फाइलमध्ये माझा अहवाल आहे.”

“हाताने लिहिलेला ना? ते कागद कॉम्प्युटरवर चढवायचे राहिलेत अजून.” साहेबांनी पेन पुढे केलं. ताईंना त्या पेनाला शिवावंसंही वाटेना. “पण एवढे गुण दिलेत म्हणजे काहीतरी कारण असेलच की,” म्हणत साहेबांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.



कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मुलीला या घराची सवय आहे.’