वृक्काकार

"हृदयाकार झालं, भालाकार झालं. आता वृक्काकार," मुंगी म्हणाली आणि तिने डिंकाची बाटली आईच्या पुढ्यात सरकवली. तिच्या एका हाताला सलाइन लावलेलं, त्यामुळे शाळेच्या वहीत पानं चिकटवायचं काम आईकडे. चौथीतली ही पोर एरवी घरभर वळवळत असायची, म्हणून मुंगी. आज चार दिवस ती हॉस्पिटलच्या या खाटेवर होती.

नळाजवळच्या ओलीतून सकाळीच खुडून आणलेलं पान आईने काढलं. गोलसर, देठापाशी खोल खाच.

"हृदयाकार म्हणजे हृदयासारखं. मग वृक्क म्हणजे गं काय?"

आई वनस्पतिशास्त्राची पदवीधर. हा शब्द तिने कधीकाळी परीक्षेत बिनचूक लिहिला होता. आता तो जिभेवर येईना. वृक्क म्हणजे किडनी, आणि किडनी मुंगीला कळत होती, मूत्रपिंडही. म्हणून तर सकाळी डॉक्टरांना दाराबाहेर नेऊन बोलावं लागलं. उद्या उजवी काढायची. डावीचं आताच काही सांगता येत नाही. मुंगीला एवढंच ठाऊक होतं की पोटात छोटीशी गाठ आहे.

"वृक्क म्हणजे... घेवड्याचा दाणा."

"मग सरळ दाणाकार म्हणावं की! पुस्तकवाले उगाच भाव खातात."

आई हसली. पान चिकटवताना खाच मात्र वाकडी बसली.

तेवढ्यात सिस्टर कागद घेऊन आली. "ताई, हिचे बाबा खाली रक्त देतायत ना? मग तुम्हीच करा सही. उशीर झाला तर डॉक्टर माझ्या नावाने शंख करतील."

टेकायला दुसरं काही नव्हतं. आईने कागद वहीवरच ठेवला. मुंगीला दिसेल ते मोठ्याने वाचायची खोड.

"माझ्या पाल्याचे उजवे वृक्क काढून टाकण्यास..."

आईने ओळीवर तळवा ठेवला. फार उशिरा.

"आई, माझ्या पोटात घेवडा आहे?"

सिस्टर सलाइनची नळी तपासू लागली. नळी व्यवस्थित थेंबथेंब चालली होती.

"हो," आई म्हणाली. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, बाहेर हेच पडलं. "लहानपणी गिळला असशील."

"तरीच दुखतंय." मुंगी थोडा वेळ पोटाकडे बघत राहिली. 'रुग्णाशी नाते' या ओळीवर आईचं पेन अडलं होतं. दोनच अक्षरं लिहायची, पण तिला ती लिहिता येईनात.

"रडतेस काय वेड्यासारखी?" मुंगीने मोकळ्या हाताने तिचा पदर ओढला. "काढू दे त्यांना. दाणाच आहे ना? पुन्हा उगवेल."