काजळीचा डोह

साहेबांनी तिसऱ्यांदा जाळी पाण्यात बुडवली, तरी बाईंचं बूड काही दगडावर टेकेना. त्या उठत, दोन पावलं चालत, पुन्हा बसत.

"ताई, जरा स्वस्थ बस ना," धाकटा भाऊ कुजबुजला. "साहेबांना वाटेल, आता तूच उडी मारतेस."

"तू गप रे."

डोह म्हणजे तरी केवढा! दोन खाटा मावतील एवढा. वर झाडाची गच्च सावली, खाली मुळांचा गुंता, आणि कुजलेल्या पानांमुळे चहासारखं तांबूस झालेलं पाणी. त्यात काजळी राहायची. नखाएवढा मासा, डोळ्याखाली काळी रेघ, म्हणून काजळी. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या या बाई लहानपणी तिला ओंजळीत धरून तिच्याशी गप्पा मारायच्या. ती याच डोहातली, दुसरीकडे कुठे नाही, हे त्यांना पुस्तकांतून कळलं ते फार नंतर.

आता पलीकडे इमारत उठत होती, आणि डोह बुजवून तिथे गाड्या उभ्या करायच्या होत्या. मत्स्यखात्याच्या साहेबांना काजळी सापडली, तर डोहाला कुणी हात लावू शकणार नव्हतं. नाही सापडली, तर सोमवारी मातीचे ट्रक येणार होते. बाई महिनाभर रोज सकाळी मुळांशी डोळे लावून बसल्या होत्या. एकही दिसली नव्हती.

म्हणून आज उजाडता उजाडता त्यांनी घरच्या काचेच्या पेटीतल्या पाच काजळ्या बरणीतून आणल्या आणि इथे सोडल्या. मागे कधीतरी दुकानातून हौसेनं घेतलेल्या; पूर्वी कुणीतरी याच डोहातून नेऊन पेटीत वाढवलेल्यांची ती पिल्लावळ. आयुष्यात त्यांनी कधी कॉपी केली नव्हती, वर्गात कुणाला करू दिली नव्हती. तरी बरणी उपडी करताना वाईट वाटलं नाही. डोह वाचला की झालं.

भावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या पोटात काही राहत नसे.

जाळी वर आली. नुसती पानं. चौथ्यांदाही पानंच. बाई काठावर वाकल्या. गेल्या कुठे मेल्या पाचही?

पाचव्या खेपेला साहेबांनी जाळी पांढऱ्या ताटलीत झटकली. दोन इवलेसे जीव वळवळले.

"सापडल्या!" भाऊ ओरडला.

बाईंच्या जिवात जीव आला. त्यांना रडू फुटलं आणि ते लपवायला त्यांनी उगाच चष्मा पुसला. साहेब मात्र भिंग लावून ताटलीवर वाकले, ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"काय झालं, साहेब?" बाईंनी विचारलं.

"काल दुपारी तुम्ही शाळेत असताना मी एक फेरी मारून गेलो," साहेब म्हणाले. "न सांगता येऊन बघायचं, अशी आमची पद्धतच आहे. तळाच्या पानांत दडून असतात त्या, वरून कुणाला दिसत नाहीत. एकोणीस मोजल्या."

"एकोणीस!" बाई उद्गारल्या.

"रात्री बसून अहवालही लिहिला. डोह बुजवू नये, असं स्पष्ट म्हटलंय." त्यांनी पिशवीतून कागद काढला. "दुसऱ्या दिवशी पुन्हा जाळी टाकून पाहिल्याशिवाय शिक्का मारता येत नाही, म्हणून आज आलो."

"मग मारा की शिक्का!" भाऊ म्हणाला.

साहेबांनी ताटली बाईंपुढे धरली. "शेपटी बघा यांची. केवढी लांब! दुकानवाले दुसऱ्या जातीशी जोडून अशा वाढवतात. कुणीतरी इथे आणून सोडल्यात, आणि किती, देव जाणे. एवढ्यात अंडीही घातली असतील."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून ताटलीत पाहिलं.

"कायदा फक्त अस्सल काजळीला राखतो, बाई. भेसळ शिरली की डोह यादीतून बाद," असं म्हणून साहेबांनी अहवाल मधोमध फाडला.