कॉलनीची बैठक

कागल एमआयडीसीतली ड्यूटी संपवून क्रांती संध्याकाळी कॉलनीत शिरायची, तेव्हा बागेपाशी दारू पीत बसलेली पोरं तिच्यावर शेरे मारायची. त्रास तिला एकटीलाच नव्हता. मुलींचे क्लास बंद झाले होते, बायकांनी बागेत जाणं सोडलं होतं. पण पोलिसांत जायला कुणी तयार नव्हतं.

"तू शिकलेली हाईस, तू तक्रार दे. आम्ही सगळी तुझ्या मागं हाय की," घरमालक आण्णा म्हणाले. ते तिला लेकच मानायचे. गगनबावड्याहून नोकरीसाठी एकटी आलेल्या क्रांतीला तेवढा आधार पुरला. तिनं स्वतःच्या नावानं तक्रार दिली.

पोलिसांनी पोरांना दम भरला आणि बाग मोकळी झाली. बायका पुन्हा फिरायला लागल्या, रस्त्यात थांबवून क्रांतीचं कौतुक करू लागल्या. पोरं मात्र आता आण्णांच्या फाटकासमोर गाड्या लावून तिची वाट बघायची. बोलायची काही नाहीत, नुसती तिच्याकडं बघत राहायची.

घाबरलेल्या क्रांतीनं हे सांगितलं, तेव्हा आण्णांनी लगेच कॉलनीची बैठक बोलावली. तिच्या जिवात जीव आला. बैठक आटोपून आण्णा तिच्या खोलीपाशी आले आणि दारातच उभे राहिले.

"काय ठरलं, आण्णा?"



"बाकी कुणाला आता तरास न्हाय, पोरी. ती तुझ्यासाठीच येत्यात, तवा तू खोली तेवढी खाली कर."