हरेशी

भातसा धरणात बुडालेल्या हरेशचं प्रेत कधी सापडलंच नाही. पुढे त्याच्या बहिणीनं, हर्षालीनं, कच्छच्या खडकात मिळालेल्या नॉटिलस या शंखधारी समुद्री जीवाच्या एका नव्या जातीचं वर्णन लिहिलं आणि त्या जातीला भावाचं नाव दिलं: हरेशी. संग्रहालयात जमा करण्याआधी तो जीवाश्म आईला दाखवायला ती डोळखांबला घरी आली.

"पान्यात राहायचा ना गो ह्यो?" आईनं विचारलं.

"हो. शंखात हवेचे कप्पे असायचे. म्हणून बुडायचा नाय."

आईनं तो जड दगड उचलून कानाला लावला आणि तशीच बसून राहिली.

"आई, आत सगळा दगड भरलाय. आवाज नाय यायचा."

"हळू बोल," आई पुटपुटली. "त्यानं श्वास रोखून धरलाय."